दार लावून घेताना

श्रावणात अक्काचे पत्र आले. मोबाईल, संगणक सगळे हाताशी असूनही माझी ही थोरली बहीण वर्षातून दोन-तीनदा निळ्या शाईने पत्र लिहिते. लग्न होऊन १९८५ साली ती अमेरिकेत गेली. व्हर्जिनिया राज्यात शेनंडोआ नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात तिने चाळीस वर्षे काढली. पण तिचे मराठी अजून शहापूरच्या गल्लीतलेच राहिले आहे. पत्राची सुरुवात नेहमी 'मास्तर, शाळा काय म्हणते?' अशी असते. या वेळी तशी नव्हती. पहिलेच वाक्य होते, 'शेवटी आमचं काम आम्ही बंद केलं रे. बरोबर केलं की चुकलं, हे तू सांग. एवढी वर्षं पोरांना नीतिपाठ देतोस, आता मला दे.'

हे काम म्हणजे कुत्र्यांची ने-आण. वाचकांपैकी काहींच्या चेहऱ्यावर आता हसू उमटले असेल. आमच्या घरीही उमटले होते. 'कुत्र्यांना मोटारीतून फिरवायचं? श्रीमंतांचे सोहळे!' असे आमच्या सौभाग्यवती पूर्वी म्हणत, आणि मीही मनातल्या मनात मान हलवीत असे. माझ्या शाळेच्या आवारात डब्याच्या सुट्टीत पाच-सहा भटकी कुत्री हजर असतात; सहावीतल्या एका मुलाला चावा बसल्यावर त्याच्या बापाला इंजेक्शनांसाठी सरकारी दवाखान्यात खेपा घालाव्या लागल्या. २०२५ साली तर शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. अशा ठिकाणी बसलेल्या हेडमास्तराला कुत्र्यांचा कळवळा एकदम कसा यावा? तेव्हा अक्काचे काम काय होते, ते आधी सांगणे भाग आहे.

त्या देशात कुत्री आपल्यासारखी रस्त्यावर राहत नाहीत. बेवारशी सापडलेले किंवा मालकाला नकोसे झालेले कुत्रे कोंडवाड्यात जाते. दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः खेड्यापाड्यांच्या गरीब भागांत, नसबंदी कमी होते. तिथले कोंडवाडे कायम भरलेले असतात, आणि जागा संपली की आतल्या कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारतात. उत्तरेकडे नेमके उलटे. तिथे नसबंदी सर्रास झाल्यामुळे पिल्ले कमी, आणि कुत्रे पाळायची इच्छा असलेली कुटुंबे वाट पाहत बसलेली. म्हणजे एका टोकाला मरण आणि दुसऱ्या टोकाला घर, मध्ये सात-आठशे मैलांचा रस्ता. हा रस्ता कापायचा कोणी?

२००५ च्या ऑगस्टमध्ये कत्रिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. पाळलेली जनावरे सोडून येणार नाही म्हणून कित्येक माणसे पाण्यातल्या घरांत बसून राहिली. दुसऱ्याच वर्षी, आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार व्हावा, असा कायदा तिथल्या संसदेला करावा लागला. त्या सुमारास मोटारी घेऊन कुत्री उत्तरेला पोहोचवणाऱ्या लोकांच्या टोळ्या बऱ्याच वाढल्या. अक्काचे मंडळ २००६ चे.

पूर्वी आपल्याकडे टपाल हरकाऱ्यांच्या टप्प्यांनी जाई, तशी यांची रीत. कोणी एकाने सातशे मैल गाडी हाकायची नाही. प्रत्येकाने आपला टप्पा सांभाळायचा. रोआनोक ते स्टाँटन हे सुमारे ८० मैल एकाचे, स्टाँटन ते विंचेस्टर हे ९० मैल अक्काचे, तिथून पुढे पेनसिल्व्हेनियाकडे तिसऱ्याचे. पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत कुत्री या गाडीतून त्या गाडीत जायची. उतरवताना प्रत्येकाला दोन-दोन दोऱ्या, कारण घाबरलेले कुत्रे एक दोरी तोडून हमरस्त्यावर धावले की संपलेच. प्रत्येकाच्या गळपट्ट्यात नावाची चिठ्ठी आणि सोबत जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. पगार नाही, पेट्रोल पदरचे. महिन्यातून दोन शनिवार, अशी सतरा वर्षे अक्का हा टप्पा चालवत होती. भाऊजी गेले त्या महिन्यातला एक शनिवार तेवढा चुकला.

आता बंद का केले? भांडण झाले नाही, पैसा खाल्ला नाही. माणसे म्हातारी झाली. एकेकाळी साठ जण गाड्या काढत, ते अठरावर आले. २०२२ साली पेट्रोल भडकले तेव्हा आणखी काही गळाले. सगळे टप्पे जुळवणाऱ्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एका शनिवारी विंचेस्टरच्या पुढचा माणूस ऐनवेळी आजारी पडला. आठ कुत्री गाडीत, पुढे न्यायला कोणी नाही. बाई स्वतः निघाल्या, आणि रात्री दोन वाजता चाकाशीच त्यांचा डोळा लागला. रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाक खडखडले म्हणून जाग आली. त्यानंतर मंडळाची सभा झाली. जानेवारीत सर्वांना कळवले की जूनच्या शेवटच्या शनिवारी आपण थांबणार. सांगितल्याप्रमाणे थांबले.

इथवर कोणाचेही समाधान व्हावे. पण जुलैमध्ये एका कोंडवाड्यातल्या बाईंचा अक्काला घरी फोन आला. चार कुत्री आहेत, गुरुवारपर्यंतच जागा आहे, काही होईल का? अक्काला आपला टप्पा चालवता आला असता, पण त्याच्या मागे आणि पुढे कोणी उरले नव्हते. 'नाही' म्हणून तिने फोन ठेवला. 'स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले रे बराच वेळ,' असे तिने लिहिले आहे. 'त्या चौघांचं काय झालं ते मी विचारलं नाही.'

प्रश्न असा आहे : आपण होऊन अंगावर घेतलेले चांगले काम, गरज शिल्लक असताना, सोडण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

झटकन सुचणारे उत्तर सोपे आहे. स्वखुशीने केले, स्वखुशीने थांबवले. यात पाप कसले? कर्ज काढले असते तर फेडावे लागले असते, पण हे दान होते, आणि आजवर दिले म्हणून उद्याही द्यावे, असे दात्याला कोण बजावणार? कांट या जर्मन तत्त्वज्ञाने कर्तव्यांचे दोन वर्ग पाडले आहेत. खोटे वचन देऊ नये हे कर्तव्य केव्हाही टळत नाही. परोपकार करावा हेही कर्तव्यच, पण कोणावर, किती आणि केव्हा, याची मोकळीक तिथे माणसाला असते. या न्यायाने अक्का सुटली. एम.ए.च्या परीक्षेत मी हे उत्तर लिहिले असते आणि गुणही मिळवले असते. पण पत्र हातात धरून बसल्यावर मला कांटऐवजी आमची आई आठवली.

आईला कुत्रे घरात चालत नसे, सोवळ्याओवळ्याची पक्की. पण स्वयंपाकाची शेवटची भाकरी ती कुत्र्यासाठी ठेवायची. रोज दुपारी बाराच्या सुमारास पायरीवर उभी राहून अर्धी भाकरी टाकायची. गल्लीतले एक तांबडे कुत्रे ठरल्या वेळी यायचे. त्याला नाव नव्हते. आईने त्याला कधी वचन दिले नव्हते की मी रोज देईन. आई गेली. सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले. बाराला कोणाला भाकरीची आठवण? ते कुत्रे मात्र येत होते. पायरीपाशी उभे राहायचे, भुंकायचे नाही, थोड्या वेळाने जायचे. तेरावा झाल्यावर माझ्या पत्नीच्या ते लक्षात आले आणि तिने भाकरी टाकायला सुरुवात केली. पण चार महिन्यांनी आम्ही ते घर सोडले आणि टिळकवाडीत राहायला आलो. सामान टेम्पोत चढवताना ते कुत्रे समोरच्या कट्ट्याखाली बसलेले मी पाहिले. शेजारणीला एक शब्द सांगितला असता तर तिने चतकोर टाकला असता. मला सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले होते, पण भाकरीसाठी कोणाला गळ घालायची याची लाज वाटली.

वचन दिले नव्हते, म्हणून त्या कुत्र्याचा आमच्यावर काहीच हक्क नव्हता काय? मला तसे म्हणवत नाही. रोजच्या देण्यातून एक अपेक्षा उभी राहते, आणि ती आपणच उभी केलेली असते. भाकरी मिळत होती म्हणून त्याने दुसरे दार शोधले नाही. दयेतूनही ऋण निर्माण होते, ते असे. 'स्वखुशीने केले, स्वखुशीने थांबवले' हे उत्तर म्हणून मला अपुरे वाटते. सुरुवात आपल्या खुशीची असते. शेवट केवळ आपल्या खुशीचा राहत नाही.

मग काय मरेपर्यंत चालवायचे? गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून दिलेले कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. देहाला कष्ट होतात म्हणून सोडणे हा राजस. आणि कर्म करीत राहून त्याची आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. अक्काच्या मंडळींनी काम सोडले ते देह थकले म्हणून. म्हणजे तो राजस त्याग ठरला का? काही काळ मी याच विचारात होतो. मग ध्यानात आले की आसक्तीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. काम सोडण्यात देहाची आसक्ती असू शकते, तशी काम न सोडण्यात नावाची.

नावाची आसक्ती मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या काही मित्रांची पुस्तकपेढी होती. जुनी पाठ्यपुस्तके गोळा करायची, शिवून-चिकटवून गरीब मुलांना वर्षभर वापरायला द्यायची. पुढे सरकारकडूनच मुलांना पुस्तके मोफत मिळू लागली. पेढीकडे कोणी फिरकेना. तरी आम्ही सहा वर्षे वार्षिक सभा घेतल्या, अहवाल वाचले, चहा-चिवडा केला. कपाटातल्या पुस्तकांचा अभ्यासक्रमसुद्धा बदलला होता! मी चिटणीस होतो, आणि ते पद सोडवत नव्हते. गरज संपूनही संस्था न संपणे हा एक विनोद आहे. आपल्या गावांत तो पुष्कळ ठिकाणी चालू असतो. अक्काच्या प्रश्नात मात्र विनोद नाही. तिथे संस्था संपली आणि गरज उरली.

ती गरज केवढी? न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली स्थापन झालेल्या ए.एस.पी.सी.ए. या जुन्या प्राणिरक्षक संस्थेच्या अंदाजानुसार २०११ साली तिथल्या आश्रयगृहांत वर्षाला सुमारे २६ लाख कुत्री-मांजरे मारली जात. २०१९ पर्यंत तो आकडा सुमारे ९ लाख २० हजारांवर आला. नसबंदी वाढली, लोक आश्रयगृहातलेच जनावर घरी नेऊ लागले, आणि या ने-आणीचाही त्यात वाटा असणार. कोविडनंतर मात्र आश्रयगृहे पुन्हा भरू लागली. अशा आकड्यापुढे अक्काच्या गाडीतल्या मागच्या बाकावरची तीन-चार कुत्री म्हणजे काय? समुद्रातला थेंब. पण 'थेंबच तर होता, बंद केला तर काय बिघडले' हेही मला म्हणता येत नाही. बाकावर बसलेल्या कुत्र्याच्या लेखी तो थेंब नव्हता.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो आणि सोबतच्या कुत्र्याला सोडून आत जायला नकार देतो, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मुलांना ती सांगताना मी नेहमी तिथेच थांबत असे. या वेळी ते महाप्रस्थानिक पर्व पुन्हा काढून वाचले, तेव्हा दोन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली अशी की हाच युधिष्ठिर राज्य सोडून निघाला होता. प्रजेची गरज काही संपली नव्हती. पण निघण्यापूर्वी त्याने हस्तिनापुरात परीक्षिताला गादीवर बसवले, इंद्रप्रस्थ वज्राकडे दिले, कारभाराची देखरेख युयुत्सूवर सोपवली, कृपाचार्यांना गुरू नेमले. तेवढे झाल्यावर वल्कले नेसली. याला कोणी 'प्रजेला टाकले' म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. वाटेत द्रौपदी पडली, मागोमाग चौघे भाऊ पडले. युधिष्ठिराने मागे वळून पाहिले नाही. मग एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारण्याचा हट्ट का? इंद्रानेही त्याला हेच विचारले आहे. युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा : ते मरण पावले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते, जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हे कुत्रे मात्र जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर इथवर आले आहे.

इथे मला एक धागा सापडला. युधिष्ठिराने जगातल्या सगळ्या कुत्र्यांची जबाबदारी घेतली नव्हती. हस्तिनापुरात कुत्री होतीच, ती मागे राहिली. जे सोबत चालत आले, त्याला त्याने सोडले नाही. ऋण आहे ते हातात घेतलेल्यांचे. अजून हातात न आलेल्यांची गरज खरी असते, ती पाहून जीव तुटलाच पाहिजे. पण तिला ऋण म्हणता येत नाही. ती ऋण ठरली, तर ज्याने कधीच काही केले नाही तो मोकळा आणि ज्याने सतरा वर्षे केले तो जन्मभर बांधलेला, असा उफराटा न्याय होईल.

पण एवढ्याने भागत नाही. काम थांबवण्याचा अधिकार आहे, हे मान्य केले तरी ते कसे थांबवावे, हा प्रश्न राहतोच. आणि मला वाटते, खरी नीती तिथेच आहे. काम बंद करणे वेगळे आणि टाकून देणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, कारण दोन्हींत शेवटी दाराला कुलूप असते.

सगळ्यांत वाईट म्हणजे ना उघडे ना बंद असे दार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई चाकाशी डुलक्या घेत आहेत आणि मंडळाचा फलक मात्र 'चालू' सांगतो आहे, ही स्थिती मला बंद करण्यापेक्षा अधिक अनीतीची वाटते. फलक हेही एक वचनच. त्यावर विसंबून कोंडवाड्यातली बाई त्या कुत्र्यासाठी दुसरी गाडी शोधत नाही, आणि शनिवारी टप्पा तुटतो. मिटलेले दार माणसाला दुसऱ्या दाराकडे तरी पाठवते. अर्धवट उघडे दार त्याला तिथेच ताटकळत ठेवते. कांटच्या पहिल्या वर्गातले, न टळणारे कर्तव्य इथे लागू होते : जे पाळता येणार नाही, त्याचे वचन देऊ नये.

संस्थांच्या शेवटाचा विचार गांधीजींइतका क्वचितच कोणी केला असेल. १९१७ साली साबरमतीच्या काठी वसवलेला आश्रम त्यांनी १९३३ साली विसर्जित केला. स्वराज्य दूर होते, काम संपले नव्हते. पण जागा ओस पडू न देता ती हरिजन सेवक संघाच्या स्वाधीन केली. त्याच गांधीजींनी १९२६ साली, अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली तेव्हा, त्या मालकाची बाजू घेऊन पुष्कळांचा राग ओढवून घेतला होता. त्यांचे म्हणणे सगळे पटो न पटो, त्यातला एक मुद्दा मला मोलाचा वाटतो : बेवारशी कुत्र्यापुढे तुकडा टाकून पुढे जाण्याला ते भूतदया मानत नसत. त्याची जबाबदारी कोणीतरी, समाजाने, नीट उचलावी, असा त्यांचा आग्रह होता. आईच्या भाकरीला हे लावून पाहिले की वाईट वाटते, पण आमच्या हातून जे राहिले ते नेमके हेच.

जबाबदारी कायमची उचलायची, तर तिच्यामागे माणसांच्या पाठीपेक्षा भक्कम काही लागते. मुंबईत १८३२ साली सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज खवळून दंगल झाली. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद कुटुंब यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. तो आजही आहे, कारण त्याच्यामागे जागा होती, उत्पन्न होते, व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होती. अक्काच्या मंडळाकडे फक्त शनिवार होते. अशी मंडळे माणसांएवढीच जगतात. त्यात कमीपणा नाही, पण हे सुरुवातीलाच ओळखून असावे.

हे सगळे मी अक्काला लिहिले. तुम्ही पाच महिने आधी कळवलेत, हातात घेतलेले एकही कुत्रे वाटेत सोडले नाहीत, ठरल्या दिवशी थांबलात. हे टाकून देणे नव्हे. फोनवर 'नाही' म्हणालीस तेही खोटे 'हो' म्हणण्यापेक्षा बरे. मात्र एक गोष्ट चुकली, असेही मी लिहिले. त्या चौघांचे काय झाले, ते विचारायला हवे होते. 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, पण आपल्या 'नाही'पासून तोंड फिरवण्याचा नाही. मी त्या तांबड्या कुत्र्यापासून तोंड फिरवले होते. तीस वर्षे झाली, अजून दुपारी बाराला कधीतरी ते आठवते. मोठ्या बहिणीला असे लिहिणे जड गेले. पाकीट दोन दिवस टेबलावर पडून होते.

महिन्याने उत्तर आले. तिने कोंडवाड्यात फोन केला होता. दोघांना एका मोठ्या संस्थेच्या गाडीने नेले. तिसरे तिथल्याच एका कामगाराने घरी नेले. चौथ्याला मारले. त्याचे नाव बडी होते, काळा-पांढरा, एका कानाने अधू. 'ऐकून रडले,' असे तिने लिहिले, 'पण आता निदान अंधारात नाही. त्या बाईंना मी त्या मोठ्या संस्थेतल्या दोघांचे नंबर मिळवून दिले. पुढच्या वेळी त्या मला फोन करणार नाहीत, त्यांना करतील.' पत्राच्या शेवटी : 'तुझा नीतिपाठ कडू होता रे मास्तर. पण चालेल.'

माझ्या विवेचनाने बडी वाचला नाही, हे मला कळते. बंद करणे नीतीने योग्य असले तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतो, आणि ती मोजणारा बहुधा आपण नसतो. हिशेबातली ही बाकी शून्य करून दाखवणारे तत्त्वज्ञान मला ठाऊक नाही. तशी ती शून्य होऊही नये. जिथे ती टोचेनाशी होते, तिथे पुढचा माणूस सहज टाकून देऊ लागतो.

हा विषय मी दिवाळी अंकासाठी निवडला, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या सीमाभागात अक्काच्या मंडळासारखी मंडळे गल्लोगल्ली आहेत. कुत्र्यांची नव्हेत; वाचनालये, व्याख्यानमाला, भजनी मंडळे, सुट्टीतले मराठीचे वर्ग. चार-पाच पांढऱ्या केसांची माणसे ती ओढत आहेत. पन्नाशीच्या आतला कोणी आला तर आपण त्याला ताबडतोब खजिनदार करतो! ही मंडळे जगावीत, असे कोणाला वाटत नाही? पण 'आम्ही आहोत तोवर चालेल' या एका वाक्यावर आपण सगळे सोडून दिले आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात विसर्जनाची कलमे पहिल्यापासून आहेत. तीन-पंचमांश सभासदांनी ठरवल्याशिवाय संस्था मोडता येत नाही. मोडल्यावर उरलेली मालमत्ता कोणा सभासदाने घरी न्यायची नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जावी. पुढे राज्याराज्यांनी आपापले कायदे केले, पण त्या इंग्रज कायदेपंडितांना एक कळले होते : संस्था जन्माला घालतानाच तिच्या मरणाचा विचार करावा. आपण मृत्युपत्र करायला घाबरतो, तसे संस्थेचेही करायला घाबरतो. मग एक दिवस चिटणीस जातात, कपाटाची किल्ली सापडत नाही, आणि पुस्तके रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसतात.

दुसऱ्याला सांगतो आहे तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. घरी कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या आणि कानडी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी मी तेवीस वर्षे शनिवारी संध्याकाळी मराठी वाचन-लेखनाचा वर्ग घेत आलो. फी नाही, हजेरी नाही. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, दोन वर्षांत निवृत्ती आहे, आणि मुलाकडे पुण्याला जाऊन राहायचे ठरते आहे. अक्काचे पत्र येईपर्यंत मी हे कोणाला सांगितले नव्हते. आता सांगितले. सध्या सात मुले आहेत. दोन वर्षांत ती दहावीच्या पुढे जातील. तोवर वर्ग चालेल, नवीन मूल घेणार नाही.

घोषणा केल्याला आठवडा झाला नसेल, तोच शेजारच्या गल्लीतून एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन आल्या. 'ह्येला एवढं आजीची पत्रं वाचायला शिकवा की सर.' मुलगा दाराच्या चौकटीला टेकून आत बाकांकडे बघत होता. आठवे मूल घेतल्याने काय बिघडणार होते? पण तो आठवीत जाईल तेव्हा मी इथे नसणार. मी 'नाही' म्हटले.

मग चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो. दोन गल्ल्या पलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते, आता स्वतः शिक्षिका आहे. तिने कधी वर्ग घेतलेला नाही आणि घेईन असे कबूलही केलेले नाही. तिच्या घराची बेल मी वाजवली. मुलगा माझे बोट धरून उभा होता.